फुटलेली शीर

चष्मे विकणाऱ्या एकाला किळस फार लवकर यायची. ताटात केस दिसला की तो जेवणावरून उठायचा. आणि बायको मिळाली ती केस कापणारी. दिवसभर गिऱ्हाइकाच्या खुर्चीमागे उभं राहून तिच्या पायांची पार वाट लागली होती. पोटऱ्यांवर जांभळ्या शिरा गांडुळांसारखी वेटोळी घालून बसल्या होत्या आणि घोट्याजवळची कातडी काळपट, चिवट झाली होती. ती पाय चेपायला सांगायची तेव्हा ह्याला नेमकं काहीतरी काम आठवायचं. हळूहळू तिनं सांगणंच सोडलं.

एका सकाळी न्हाणीघरातून तिची हाक आली. जाऊन बघतो तर घोट्यावरची शीर फुटलेली, रक्ताची चिळकांडी थेट बादलीवर उडत होती. साबणाचा फेस काळालाल झाला होता. त्यानं दवाखान्यात फोन लावला. नर्स म्हणाली, आडवं झोपवा, पाय उंच धरा, रक्त येतंय तिथं बोटानं दाबा.

"बोटानं?"

"मग कशानं दाबणार?"

त्यानं तिचा पाय खांद्यावर घेतला आणि अंगठा टेकवला. कातडी ओली, कोमट, पिकल्या फळासारखी मऊ होती. आतली शीर अंगठ्याखाली बुळबुळत सरकली. घशाशी आलेलं त्यानं कसंबसं गिळलं आणि मान फिरवली.

"तोंड वाकडं करा हवं तर," ती फरशीवरून म्हणाली, "पण अंगठा काढू नका."

थोड्या वेळानं रक्त थांबलं. डॉक्टरांनी नंतर समजावलं, की पायातलं रक्त वर ढकलतात ते पोटरीचे स्नायू, आणि ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये इवल्या झडपा असतात. हिच्या झडपा ढिल्या पडल्या, म्हणून रक्त खाली साचून शिरा फुगल्या. पाय उचलल्यावर ते आपसूक वर गेलं.

शिरा दाबून धरायला दवाखान्यातून घट्ट मोजे मिळाले. ते तिला एकटीला चढवता येईनात, म्हणून रोज सकाळी तो खाली बसू लागला. कातडीचे पापुद्रे त्याच्या बोटांना चिकटायचे. तो श्वास रोखून धरायचा.

"अजून किळस येते ना?" एकदा तिनं विचारलं.

"येते."

ती हसली आणि तिनं दुसरा पाय पुढे केला.