ब्लूटूथच्या वाटेतली बरगडी

टँगो विमानातला ब्लूटूथ अडतो तो कॅप्टन दमयंती खटावकरच्या डाव्या बरगडीला, हे मंगळवारी सकाळी सगळ्यांसमक्ष सिद्ध झालं. सबनीस साहेबांनी तिला हँगरमध्येच वैमानिकाच्या खुर्चीत बसवलं आणि टॅबलेट तिच्याभोवती ओवाळला. डोक्याजवळ रेंज होती, गुडघ्याजवळ होती, डाव्या कुशीशी टॅबलेट आला की गुल. तिथे त्यांनी तिच्या पांढऱ्या शर्टावर पेन्सिलीने फुली मारली.

"ही काढावी लागेल," सबनीस म्हणाले.

"शर्ट?"

"नाही हो. बरगडी."

सबनीस म्हणजे फ्लाइंग क्लबचे देखभाल प्रमुख. बोलायला इतका गोड माणूस, की त्याला नाही म्हणणाऱ्यालाच चोरट्यासारखं व्हावं. दमयंतीला तसं काही झालं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि पाय अनवाणी असल्यामुळे ती वर जाताना सगळ्यांना दिसली.

पाय अनवाणी का, तेही सांगायला हवं. क्लब माणदेशातल्या उघड्या माळावर. एक धावपट्टी, एक हँगर, चहाची टपरी, आणि वारा म्हणाल तेवढा. टँगो हे तिथलं चार माणसांचं छोटं विमान. त्याच्या पुढच्या पॅनेलमागे करड्या रंगाची एक पेटी. विमान कुठे आहे, किती उंच आहे, कुठल्या तोंडाने चाललंय, ते सगळं ही पेटी ब्लूटूथने टॅबलेटला कळवते, निदान कळवायला हवं. ती नवीन आली खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. कुणीतरी तात्पुरती म्हणून एका पोलादी खणात सरकवली. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पूजा झाली, पाने आणि जॅक आणि पंखा सगळ्यांना हळदकुंकू लागलं, पेटीलाही लागलं, झेंडूही वाहिला. मग जिलेबी आली, गप्पा रंगल्या, आणि पेटीची उत्तरपूजा करायची राहून गेली.

आता उत्तरपूजा झाल्याशिवाय बसवलेला देव हलवतात का? नाही. म्हणून पेटी हलवायची नाही. पेटीसमोर पायात जोडे घालायचे नाहीत, म्हणून चपला विमानाच्या दाराशी. आणि पोलादातून रेंज बाहेर येत नाही म्हटल्यावर हलायचं कुणी? माणसांनी. इतकी सरळ गोष्ट होती, आणि सगळ्यांना पटलीही होती.

पेटीचा मान राखायला खुर्च्याही रोज थोड्या मागे सरकत होत्या. चार माणसांचं विमान ते, पण आत आता लग्नाची पंगत बसली असती. पायाखालचे वळायचे पेडल आणि हातातला कंट्रोल शहाणे, ते खुर्चीबरोबर मागे यायचे. पुढची काच मात्र जिथल्या तिथे राहिली होती, आणि दमयंतीला तिच्यातून आकाश दिसायचं ते टपालाच्या तिकिटाएवढं.

बरं, टॅबलेट नाही तर नाही, असं म्हणायचीही सोय नव्हती. टॅबलेट दाखवेल तेच खरं, हा क्लबचा नियम. मागच्या आठवड्यात ती सोलापूरला जाऊन आली, तर टॅबलेट सारा वेळ टँगो हँगरमध्येच दाखवत होता. परत आली तेव्हा दार बंद. "मॅडम, तुम्ही आतच आहात," आतून सांगण्यात आलं. आतल्या दमयंतीला शोधून बाहेर काढेपर्यंत बाहेरच्या दमयंतीला उन्हात ताटकळत उभं राहावं लागलं.

तिनेही आजवर दिलं होतं, नाही असं नाही. आधी बांगड्या दिल्या. मग स्टीलचा जेवणाचा डबा दिला आणि प्लॅस्टिकचा आणला. मग केसांतल्या पिना. मग त्यांनी सावली मागितली, आणि ती म्हणाली, न्या बापडे, सावलीवाचून कुणाचं काय अडतं. आता ती सावली हँगरच्या कोपऱ्यात चटईसारखी गुंडाळून ठेवली होती आणि दुपारी तिच्यावर मांजर पसरायचं. दमयंतीला ते बघवत नसे. तिने तेव्हाच ठरवलं होतं, आता नखसुद्धा द्यायचं नाही.

"बाबरांनी बघा कसं मन मोठं केलं," सबनीस म्हणाले.

गजेंद्र बाबर हा क्लबचा दुसरा वैमानिक, दमयंतीनेच शिकवलेला. त्याने खांदे, छाती आणि पोट एकाच खेपेत देऊन टाकलं होतं. खुंटीवरच्या रेनकोटाएवढीच आता त्याची जाडी. चहा प्यायला की शर्टाच्या पाठीवर लगेच डाग उमटायचा, बाकी काही त्रास नाही.

"लई हलकं वाटतं, मॅडम," तो हँगरच्या दाराच्या फटीतून आत येत म्हणाला. "देऊन टाका. एक बरगडी म्हणजे काय हो?"

"माझी बरगडी म्हणजे माझी बरगडी," दमयंती म्हणाली. "तू तुझं बघ. वारा सुटला की तुला दोघांनी धरायला लागतं."

"धरतात की. माणसं चांगली आहेत."

सबनीसांनी घसा साफ केला. "तर मॅडम, जेवणाच्या सुट्टीपर्यंत विचार करा. बरगडी दिलीत तर टँगो तुमचं. नाही दिलीत तर जेवणानंतर बाबर उडवतील, आणि तुम्ही खाली फळ्यावर शिकवा. फळा चांगला आहे, नवीन आहे."

फळा! बावीस वर्षं आकाशात काढलेल्या बाईला फळा. ह्या टँगोवर तिने वादळं काढली होती, एकदा तर इंजिन बंद पडल्यावर नुसत्या वाऱ्यावर ते पट्टीवर आणून ठेवलं होतं. तिला घर होतं, नवरा होता, सगळं बरं होतं, पण जीव होता तो ह्या खुर्चीत. ही गेली की आपण संपलो, हे तिला स्वच्छ माहीत होतं. आणि बरगडी काढून ह्याच खुर्चीत बसलेली बाई ती आपण नसू, हेही तितकंच स्वच्छ माहीत होतं.

"विचार झाला," ती म्हणाली. "खुर्चीही देत नाही आणि बरगडीही देत नाही."

"तिसरं काही नाहीये, मॅडम."

"आहे. पेटी हलवायची."

पाने, जॅक, पंखा, जे जे त्या दिवशी पुजलं गेलं होतं ते सगळं तिच्याकडे वळून बघायला लागलं.

"उत्तरपूजा झालेली नाही," सबनीस हळूच म्हणाले.

"मग करा. गुरुजींना बोलवा."

"गुरुजी मागेच मधे आले."

"कशाच्या मधे?"

"पेटीच्या आणि टॅबलेटच्या. आता त्यांची पळी तेवढी उरली आहे. ती देऊ का?"

"नको," दमयंती म्हणाली. "मीच करते."

तिने डबा उघडला. अक्षता कोरड्या लागतात, सबंध लागतात, कुंकू लावलेल्या लागतात. तिच्या डब्यात दहीभात होता, वर आटपाडीकडच्या डाळिंबाचे दाणे. तिने मूठ भरली आणि चालायला लागली. खुर्चीपासून पॅनेलपर्यंतचं अंतर बरंच होतं. ती निघाली तसं ते आणखी वाढलं. दोन्हीकडच्या खिडक्या मागे पडत गेल्या, जमीन चढणीला लागली, छत खाली यायला लागलं. आधी ती मान वाकवून चालली, मग कंबरेत वाकून, मग गुडघ्यांवर. बाजूचे पत्रे इतके जवळ आले की बरगड्या दोन्हीकडे घासायला लागल्या.

"श्वास सोडा, मॅडम," मागून सबनीसांचा आवाज आला. "बरगडी नसती तर सहज गेला असता."

तिने श्वास सोडला नाही. उलट छाती भरून घेतला. पत्रा कुरकुरला, थोडा वेळ हटून बसला, आणि मग मुकाट्याने बाहेरच्या बाजूला फुगला. दमयंती पॅनेलखाली पोचली. पोलादी खणात पेटी बसली होती, अंगभर हळदकुंकू, आणि तिच्यावरचा झेंडू अजून ताजा होता.

"तुझ्याशी माझं भांडण नाही," दमयंती तिला म्हणाली. "पण तुला ह्या लोकांनी चुकीच्या जागी बसवलंय, आणि त्याची भरपाई माझ्या अंगातून करायला निघालेत. ते मी खपवून घेणार नाही. ऊठ, आणि चांगल्या जागी परत ये."

आणि तिने दहीभात वाहिला.

"हे चालत नाही!" सबनीस ओरडले. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

"आजपासून चालतं!" ती तिथूनच ओरडली, आणि पेटीला हात लावून तिने ती एका बोटाएवढी हलवली.

काही कोसळलं नाही. पेटी गार पडली आणि नुसती पेटी झाली. दमयंतीने खणाचे स्क्रू काढले, तिला खणातून बाहेर ओढलं, आणि वर काचेखाली, जिथे नुसतं प्लॅस्टिक होतं आणि पत्र्याचा तुकडाही नव्हता, तिथे घट्ट बसवलं. वायर पोचेल का, अशी तिला धाकधूक होती. वायर छान पोचली. ती पहिल्या दिवसापासूनच पुरेशी लांब होती. त्याच क्षणी खुर्ची धाडकन पुढे आली, दमयंती तिच्यात बसली गेली, काच पूर्वीसारखी रुंद झाली आणि खुर्चीबरोबर मांडीवर आलेल्या टॅबलेटवर रेंजच्या सगळ्या दांड्या भरल्या.

"बघा!" ती म्हणाली. "बरगडी जागेवर आणि रेंजही जागेवर."

सबनीसांनी बघितलं नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. "पेटी हलत नसते, मॅडम," ते पुन्हा गोड आवाजात म्हणाले. "माणसं हलत असतात. हे तुम्ही मोडलंत. आता उतरा."

दमयंतीने इंजिन सुरू केलं. पंख्याच्या वाऱ्याने बाबर उडाला आणि हँगरच्या भिंतीला जाऊन चिकटला. तिथून त्याने मोकळा होता तो एक हात हलवला. टँगो पट्टीवर धावलं आणि उचललं गेलं.

वर तिला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्याने हसली. डाळिंबाच्या बागा, मेंढरांचे कळप, अर्धे भरलेले तलाव, सगळं खाली होतं आणि सगळं टॅबलेटवर होतं, जिथल्या तिथे. एवढी साधी गोष्ट, आणि तेवढ्यासाठी माणसं सोलून खुंटीला टांगली ह्यांनी! तिने डाव्या बरगडीवरून हात फिरवला. तिला स्वतःचा अभिमान वाटला आणि तो वाटण्याची तिला मुळीच लाज वाटली नाही.

रेडिओ खरखरला.

"मॅडम, सबनीस बोलतोय. रेंज आता इथे क्लबमधल्या टॅबलेटवरही येते आहे. अभिनंदन."

"आभार."

"फक्त थोडी कमी येते. मधे काहीतरी आहे."

"काय आहे?"

"बहुतेक दार."

दाराने ते ऐकलं. टँगो आज्ञाधारक विमान होतं, तिनेच त्याला तसं वळण लावलं होतं. दार बिजागरीतून अलगद निघालं आणि मागे राहिलं. वारा आत घुसला. टॅबलेटवर टँगो दारासकट सरळ चाललं होतं, आणि टॅबलेट दाखवेल तेच खरं म्हणून ते तसूभरही ढळलं नाही.

"थोडी सुधारली," सबनीस म्हणाले. "तळाचा पत्राही बघा ना."

तळ गेला. तिच्या अनवाणी पायांखाली आता नुसता माळ होता, फार फार खाली. मग शेपूट गेलं, मग छत. उजवा पंख गेला, त्याच्यामागून डावा, कुठे काही न तुटता, पंगतीतून पाहुणे उठून जावेत तसे. इंजिन सगळ्यात शेवटी गेलं, आणि मग इतकी शांतता झाली की सबनीसांचा आवाज जवळ बसल्यासारखा यायला लागला. समोर पेटी हवेत उभी होती. टॅबलेटवर टँगो पूर्ण होतं, उंची बरोबर, दिशा बरोबर.

दमयंती घाबरली होती. पण कंट्रोल तिच्या हातात होता, आणि तो तिने सोडला नाही.

"आता बोला," ती म्हणाली. "आता काय काढू?"

पलीकडून कागद उलटल्यासारखा आवाज आला, तो बाबरचा असावा.

"शेवटची एक दांडी राहिली आहे, मॅडम," सबनीस अतिशय नम्रपणे म्हणाले. "आम्ही सगळीकडून बघितलं. आता मधे फक्त तुम्ही आहात."

"हो," दमयंती म्हणाली. "आहे."

कमरेचा पट्टा आता कशालाच बांधलेला नव्हता. तिने तो आणखी एक घर आवळला, उजव्या पेडलच्या जागी पाय पुढे रेटला आणि वळण घेतलं.