बसलेल्या माणसाचा स्वेटर

"जुन्या कपड्यांत जीव अडकवणारा माणूस मी नव्हे," शरदचंद्र आगाशे बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये उभं राहून म्हणाले. "आणि दिलेला कपडा परत मागायला कोणी आलं, तर त्याला दारातूनच वाटेला लावा. मी आलो तरी."

टाळ्या पडल्या. चेन्नईत भोगीला पहाटे जुनंपानं पेटवून देतात. शरदचंद्रांना भोगी म्हटलं की फक्त तीळ घातलेली भाजी आणि बाजरीची भाकरी आठवायची. धूर नको म्हणून गेल्या वर्षी असोसिएशनने कपडे गोळा करून ट्रकने अनाथाश्रमाला द्यायचं ठरवलं, तर एकवीस पोती आली आणि दोन दिवसांत त्यातली नऊ आपापल्या घरी परत गेली. कोणाला शाळेचा टाय आठवला, कोणाला बाळंतपणातला गाऊन. म्हणून यंदा हा नियम, शरदचंद्रांनीच सुचवलेला.

भोगीच्या आदल्या दिवशी बायको सुनंदा लेकीकडे, शहरातच अड्यारला, गेली. तेवढ्यात शरदचंद्रांनी अर्ध्या तासात कपाट झाडून दोन पोती भरली आणि असोसिएशनच्या तळमजल्यावरच्या खोलीत नेऊन टाकली. वर येऊन बघतात तर सगळ्यात वरचा कप्पा मोकळा आणि कोपऱ्यात नुसत्या दोन डांबराच्या गोळ्या.

म्हणजे स्वेटरही गेला.

साखरपुड्यापासून लग्नापर्यंत सुनंदाने साताऱ्यात बसून तो विणला होता. बघण्याच्या कार्यक्रमात तिने त्यांना एकदाच पाहिलं होतं, तेही बसलेलं. त्यामुळे छातीचं माप अंदाजाने घेतलं आणि उंचीचं राहूनच गेलं. स्वेटर बेंबीच्या वरच संपायचा. लग्नानंतर महिन्याभरात बँकेने चेन्नईला बदली केली आणि गेल्या छत्तीस वर्षांत तो अंगावर चढवायची वेळच आली नाही. पण दर संक्रांतीला सुनंदा तो गच्चीवर उन्हात घालायची, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसायची.

संक्रांत परवावर आलेली. ट्रक आज चार वाजता येणार. घड्याळात तीन.

खोलीच्या दारात शेजारचे गिरिधरराव पहाऱ्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. ते तंजावरचे. त्यांच्या घराण्याचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलं ते परत काही आलं नाही.

"मदतीला आलो," शरदचंद्र म्हणाले.

"बहु चांगलें. आतां पहिल्या माळ्याचे आले होते, आजोबाचें धोतर मागत. मी सांगितलें, इल्ले, मिळणार नाहीं. शरदचंद्र सारांचा नियम."

"बरोबर," शरदचंद्र बारीक आवाजात म्हणाले.

सहाव्या पोत्यात स्वेटर सापडला. पण दारातले गिरिधरराव बाहेर पडणाऱ्याची जेवणाच्या डब्याची पिशवीसुद्धा उघडून बघत होते. शरदचंद्र पोत्यांच्या मागे गेले, शर्ट काढला, श्वास आत घेऊन स्वेटर चढवला, वरून शर्टाची बटणं कशीबशी लावली आणि कॉलर मुठीत धरून बाहेर आले.

"निघतो."

"असें कसें? बसा हो. चंद्रिका काप्पी आणते आहे."

गिरिधररावांच्या बायकोने, चंद्रिकाबाईंनी, कॉफीचा वाफाळता टंबलर हातात दिला. शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाईला नाही म्हणता येत नाही. पहिल्या घोटाला कपाळावर घाम आला, दुसऱ्याला मानेवरून पाठीत उतरला. आत लोकर चावत होती. शरदचंद्रांनी हळूच छाती चोळली.

"एवढा घाम कां येतो?" चंद्रिकाबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"छातीत दुखतें?"

"दुखत नाही हो. खाजतंय थोडं."

"माझा भाऊही 'कांहीं नाहीं' म्हणाला होता," चंद्रिकाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "आठ दिवस आय.सी.यू.त होता. ऑटो बोलवा."

मागच्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये डॉक्टरांनी शर्ट काढायला सांगितलं. शरदचंद्रांनी कॉलर दोन्ही हातांनी घट्ट धरली. छातीशी आवळलेले दोन हात बघून डॉक्टरांनी नर्सला खूण केली. तिने मोठी कात्री आणली आणि शर्ट, मग स्वेटर, खालपासून गळ्यापर्यंत सरळ कापला.

गिरिधरराव वाकून बघत म्हणाले, "हा तर पोत्यांतला माल."

ईसीजी व्यवस्थित निघाला. तरी दोन तास पडून राहायला सांगितलं. अड्यारहून सुनंदा धावत आली तेव्हा शरदचंद्र चादर पांघरून छताकडे बघत होते आणि स्वेटर पायाशी दोन्ही बाजूंना उघडा पडला होता.

गिरिधररावांनी तिला सगळं सांगितलं. काही वगळलं नाही.

"छत्तीस वर्षांत एकदा घातलात," सुनंदा म्हणाली. "तोही चोरून."

"चुकून गेला गं पोत्यात."

"आणि मागायला लाज वाटली."

"नियम माझाच होता ना."

"पोटाशी आवळत असेल."

"श्वास घेता येत नव्हता," शरदचंद्र म्हणाले. "पण छातीला अगदी बरोबर बसला."

सुनंदाने डोळे पुसले, पर्समधून सुईदोरा काढला, स्वेटर त्यांच्या पोटावर पसरला आणि तिथेच शिवायला घेतला. चंद्रिकाबाई गिरिधररावांना बाहेर घेऊन गेल्या. तिने सावकाश, जवळजवळ टाके घातले, गळ्यापाशी दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "उठा आता. घरी जाऊ."

शरदचंद्र उठले. सुनंदाने स्वेटर उचलला, तर त्याबरोबर नर्सिंग होमची चादरही उठली. ती तळापासून गळ्यापर्यंत स्वेटरला शिवली गेली होती. नर्सने तीच कात्री परत आणली.