गणपतीमागचं चाक

आमच्या यजमानांच्या खुळाला आवाज होता. टक, टक, टक. जेवायला बसा, टक. पोथी उघडा, टक. जुन्या स्कूटरच्या चार बॅटऱ्या आणि मधे एक सर्किट. दोन बॅटऱ्या चाक फिरवणार, तेवढ्यात ते चाक उरलेल्या दोन भरणार, की लगेच अदलाबदल. चाकाच्या कडेला चुंबकं चिकटवलेली. बोटाने ढकलल्याशिवाय ते हलायचं नाही, पण एकदा हललं की विजेच्या झटक्यांवर गरगरत राहायचं.

"अवंतिका, बघ तर सही! यातली एकसुद्धा बॅटरी उतरणार नाही."

"चाकाच्या आधी तुमचंच डोकं फिरलंय," मी म्हटलं.

इथवर ठीक होतं. कोणी पत्ते कुटतं, हे तारा जोडतात. पण यंदा यांनी ते चाक घरच्या गणपतीमागे प्रभावळीसारखं लावलं आणि जाहीर केलं, की अनंत चतुर्दशीपर्यंत चार्जर न लावता फिरलं, तर बाड्याच्या चौकातल्या बँकेतली नोकरी सोडायची आणि ह्याचाच कारखाना काढायचा. राजीनामा फोनवर लिहून तयार! आमच्या श्रुतीचं कॉलेज अजून व्हायचंय, माझी शाळेतली नोकरी कच्ची. मी डोकं आपटलं, पण ऐकतो कोण?

यांच्या कुसुमआत्या आमच्याकडेच असतात. त्या एवढंच म्हणाल्या, "अभिराम, देवापुढचं आहे ना? मग चालेल हो."

माझी झोप उडाली. वर्गात फळ्यावर भलतंच लिहून यायचे. घरी आलं की चपला काढायच्या आधी नजर चाकाकडे. फिरतंय मेलं! हे बँकेतून येऊन मीटर लावायचे आणि ओरडायचे, "बघ, सकाळपेक्षा जास्त!" दाल बाजारात गूळ घ्यायला गेले, तर दुकानदार म्हणतो, "भाभीजी, सुना है साहब ने बिना बिजली की मशीन बना ली!" वाटलं, गूळ तिथेच टाकावा आणि पळावं.

आरतीत सगळे टाळ्या वाजवायचे आणि मी मनात म्हणायचे, बाप्पा, थांबव रे ते चाक. देवापुढे नवऱ्याचं वाईट मागत होते. लाज वाटायची, पण मागत होते.

चतुर्दशीला हे रजा घेऊन सकाळपासून गणपतीसमोर ठाण मांडून बसले. दुपार झाली. चाक आपलं मजेत. हे फोन हातात घेऊन म्हणाले, "उत्तरपूजा झाली की पाठवतो."

तेवढ्यात आत्याबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. नंदादीपात तेल घातलं, मग वाकून टेबलाखालून चार्जर काढला.

"सरक रे जरा. आज तू हलतच नाहीस, लावू कधी मी?"

"काय लावतेस आत्या?"

"हेच की. रोज दुपारी लावते. लालला लाल, काळ्याला काळं, तू स्थापनेआधी लावलं होतंस तसंच. तुम्ही यायच्या आत काढून ठेवते, आरतीला वायर बरी नाही दिसत."

"रोज?"

"गौरी जेवल्या त्या दिवशी तेवढं राहिलं. तर दुसऱ्या दिवशी कसं मरगळलं होतं, आठवतं ना? तू म्हणालास धूळ बसली." आत्याबाई वाटी पुसत होत्या. "अरे, दिव्यात तेल घाला म्हणून कोणी सांगावं लागतं का? जाता-येता ज्याला दिसेल त्याने घालावं. देवापुढचं विझू द्यायचं नसतं."

यांनी फोन खिशात ठेवला आणि बॅटरीची तार उपटली. टकटक थांबली. चाक हळूहळू फिरत उभं राहिलं.

मागितलं ते मिळालं होतं. मी सुटले होते, अगदी सुटले होते. पण घर एवढं गप्प झालं की मला ते सोसवेना. यांचं तोंड इतकंसं झालं होतं.

बाहेर शेजारची मंडळी आरतीला जमत होती.

"तार लावा परत," मी म्हटलं.

"कशाला आता?"

"मूर्ती हलेपर्यंत देवापुढचं थांबवायचं नाही. लावा म्हणते ना!"

यांनी तार जोडली. चाक जागचं हललं नाही. ते ढकलावं लागतं, आणि यांचा हात काही उठेना. मग मीच बोटाने चाक ढकललं, आणि आरतीचं तबक यांच्या हातात दिलं.