दुसरीच्या पोराची तार

बुद्धाला नवस बोलनारी अख्ख्या नेवासे तालुक्यात मी एकटीच. हसा, पोट धरून हसा. सूर्यभान गुरुजीबी हसले हुते.

एकाहत्तर सालातला डिसेंबर. पाकिस्तानशी लढाई लागलेली, माझा एकुलता सहादेव सरहद्दीवर, अन् महिनाभर त्याचं पत्र न्हाई. विहार म्हंजे आमची पत्र्याची खोली. तिथं मूर्तीपुढं मी हात जोडले. "पोरगं जित्तं आन, पाच नारळ फोडीन."

आमच्या वस्तीची वंदना घेनारे गुरुजी मागंच उभे. म्हनले, "झुंबरबाई, बुद्ध काय लाच खातो व्हय? दुःख हाय, अन् ते 'मलाच पायजे' ह्या हट्टातनं वाढतं, एवढंच त्यानं सांगितलं."

माझं टाळकं सरकलं. "आईनं पोरगं मागायचं न्हाई? बुद्धाला आईच नव्हती वाटतं!"

"माया करा की. पन 'माझंच तेवढं वाचू दे' म्हनलं, की काटा रुतला."

"तुमाला पोरगं न्हाई, तुमी बोलनारच," म्हनून मी फनफनत निघाले. लई लागट बोलले, खोटं कशाला सांगू.

दुष्काळी कामावर आमी खडी फोडायचो. तिथं कुनाच्या पोराचं पत्र आलं की माझ्या अंगाची लाही व्हायची. मेलीचं पोरगं काय सोन्याचं लागून गेलंय, असं मनात यायचं, अन् हातोडा दगडाऐवजी बोटावर बसायचा. शेवटी एका शनिवारी घरातलं सगळं तेल बाटलीत भरलं, पदराखाली लपवलं, अन् शिंगणापूरची वाट धरली. बुद्धाची दीक्षा घेऊन घरातले देव उठवले, त्याला पंधरा वर्सं झाली हुती. वस्तीनं बघितलं असतं तर तोंडात शेन घातलं असतं. पन भ्यालेल्या आईला कसली लाज?

वाटंत छबूबाई भेटली. पाटलाच्या घरची. दुष्काळानं तिलाबी खडीवर बसवलेलं, पन पान्याचा माठ तिचा येगळा. अनवानी चाललेली, हातात तेलाची बाटली.

"ए झुंबरे, तूबी?"

"व्हय, पाटलीनबाई. सहादेवसाठी."

"माझा श्रीमंतबी तिकडंच हाय गं," म्हनली, अन् रस्त्यातच मटकन बसून रडाय लागली. "डोळ्याला डोळा न्हाई बघ."

मी चार हातांवर उभी. मनात म्हनलं, उद्या एकच गोळी सुटली अन् दोघांतल्या एकाला लागायची असली, तर मी शनीच्या पुजाऱ्याहाती तेल देऊन काय मागनार? हिच्या पोराला लागू दे, असं? अन् ही काय मागनार? अगं बया! गुरुजींचा काटा तो हाच. माझे पायच पुढं उचलंनात.

तिच्या टाचा भेगाळून रगत आलेलं. मी खाली बसले. "पाय द्या हिकडं." ती बिचकली. आमचा हात तिच्या घरानं जन्मात लावून घेतला नव्हता. मग डोळे पुसत तिनं पाय पुढं केला. सगळं तेल मी तिच्या भेगांत जिरवलं.

"शनीला तुमी द्या," म्हनले. "माझं हितंच लागलं." अन् माघारी फिरले. त्या राती किती दिसांनी मला झोप लागली.

मंगळवारी खडीवर बन्सी पोस्टमन सायकल दामटत आला. "तार! तार!"

तार म्हंजे मानूस गेलं, एवढंच आमाला ठावं. बायांनी वाचायच्या आधीच गळे काढले, अन् सगळ्याजनी माझ्याकडं बघाय लागल्या. मी उठून उभी ऱ्हायले.

"गप बसा गं! बन्सी, कुनाची?"

"छबूबाईची."

छबूबाई जागीच कोसळली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "वाच, मेल्या. काय असंल ते वाच."

"श्रीमंत सुखरूप हाय. सुट्टीवर येतोय."

अन् मग मी माझ्या छातीत ती लाही धुंडाळली. खरं सांगते, कानाकोपरा धुंडाळला. न्हाई! तिच्या जागी नुसतं हसू. माझ्या सहादेवचा पत्ता न्हाई, तरी मला हसू आवरंना. मी रिकामं घमेलं घेतलं अन् हातोड्यानं बडवाय लागले. मुकादम वरडला, "झुंबरबाई, काम!"

"दगूड काय पळून चाललाय?"

तवर छबूबाई उठली. तिनं पदर खोचला, दोन्ही हात माझ्यापुढं केले. "झुंबरबाई, धर." त्या तोंडातनं मला 'बाई' पहिल्यांदाच. हातात हात गुंतवून आमी दोघी म्हाताऱ्यांनी त्या खडीत अशी फुगडी घातली, अशी घातली, की मुकादमबी हसला. दम लागल्यावर ती माझ्याच माठातलं पानी घटाघटा प्याली.

सहादेवचं पत्र त्यानंतर बारा दिसांनी आलं. ठनठनीत हुता. लई आनंद झाला, पोटभर रडले. पन आपल्या पोराचं पत्र आल्यावर कुनीबी नाचंल. मी नाचले ती बारा दिस आधी.