दुखणं थांबलं त्या सकाळी

"भागे, गेलं बघ! पार गेलं!" सहादेव वायरमन ओट्यावरून उतरत ओरडला.

तीन महिने कमरेतून निघालेली कळ डाव्या मांडीमागून पोटरीत आणि तिथून टाचेत उतरायची. सोनईच्या पंचक्रोशीतले खांब चढणारा गडी घराची पायरी चढताना घामाघूम व्हायचा. मणक्यातली गादी सरकून शीर दाबली जातेय, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गोळ्या, कमरेचा पट्टा, विश्रांती. बहुतेकांना तेवढ्यानं आराम पडतो, म्हणाले. निघताना मात्र त्यांनी त्याच्या बायकोला, भागिरथीला, थांबवून बजावलं होतं, "पाऊल लुळं पडलं किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी आणा. दुसरा दिवस उजाडू देऊ नका."

सहादेव अंगणातून नळाकडे निघाला. भागिरथी चुलीपुढून बघत होती. त्याची डावी चप्पल वाटेतच राहिली. चार पावलं गेला, तरी त्याला पत्ता नव्हता. पाऊल मातीत फरफटत होतं.

ती चुलीपुढून उठली.

"अवं, चप्पल..."

त्यानं खाली बघितलं. हसू ओठांवर तसंच राहिलं.

"लघवीला कवा गेल्ता?"

"काल सांजच्याला. तवापास्नं लागलीच न्हाई." मग तो हळूच म्हणाला, "बसलेलं बी कळत न्हाई गं. खाली उशी घातल्यागत वाटतंय."

"चला नगरला."

"आज? आता तर दुखत बी न्हाई. उद्या जाऊ की."

"दुखत न्हाई म्हनूनच चला!"

चूल तशीच सोडून ती रस्त्यावर दुधाच्या टेम्पोला आडवी झाली.

दुपारी डॉक्टरांनी त्याच्या पावलाला टाचणी टोचली. सहादेव छताकडे बघत म्हणाला, "टोचा की." डॉक्टरांनी भागिरथीकडे बघितलं. लघवीची नळी घातली तशी पिशवी भराभर भरली. दिवस मावळायच्या आत मणक्याचं ऑपरेशन झालं.

"शीर मोकळी केली," डॉक्टर म्हणाले. "किती जागी होईल, ते सांगता येत नाही. उद्यावर टाकलं असतं, तर..."

महिन्याभरानं नळी निघाली. पाऊल काही उचललं नाही. खांब सुटले ते सुटलेच. वीज कचेरीतल्या साहेबांनी त्याला तक्रारीच्या फोनवर बसवलं.

पहिल्याच दुपारी वावटळ उठली आणि फोन खणाणला.

"लाइन गेलीया! वायरमन हाय का?"

सहादेवनं तक्रारीची वही पुढं ओढली.

"न्हाई," तो म्हणाला. "पर पाठवतो. वस्तीचं नाव सांगा."