गडद्यांची फळी

आमच्या वस्तीत आडनाव एकच, गडदे. त्यामुळे ते कुणी वापरत नसे. गावात एकच विहीर असली की तिला कुणी नाव देत नाही, तसं. माझे चुलते नामाजी मेंढरं राखत. सदतीस साली ते लोकर घेऊन गोरेगावच्या बाजाराला गेले, तेव्हा आपलं आडनाव छापताही येतं हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

गोरेगावात गुलाबचंद म्हणून एक किराणा दुकानदार होते. दुकानामागच्या खोलीत, मिरच्यांच्या पोत्यांना लागून, त्यांनी वाचनालय काढलं होतं. निजामाच्या राज्यात मराठी वाचनालयाला परवानगी लागे, आणि परवानगी मागितली की असा विचार तुमच्या डोक्यात आलाच कसा, याची चौकशी होई. म्हणून गुलाबचंदांनी परवानगी फक्त मिरच्यांची काढली होती. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर ते पुस्तकामुळे की मिरच्यांमुळे, हे खुद्द वाचणाऱ्यालाही सांगता येत नसे.

पुस्तकं लावायची त्यांची रीत वेगळी होती. विषय पाहायचा नाही, आडनाव पाहायचं. “लग्नात एक भावकी एका पंगतीला बसवतात,” ते म्हणत, “न्हाई तर भांडणं लागतात.” नामाजीकाका लोकर मोजून होईपर्यंत त्या खोलीत टेकले आणि त्यांची नजर एका फळीवर गेली. गावच्या पुजाऱ्याने त्यांना लहानपणी अक्षरं शिकवली होती. फळीवर तीन पुस्तकं होती आणि तिन्हींच्या पाठीवर एकच शब्द होता.

“हे कोन गडदे?” काकांनी विचारलं.

“नरहर गडदे. पुण्याचे. नाटकं लिहितात.”

“आन हे?”

“जनावरांचे डॉक्टर गडदे. मेंढरांच्या पोटफुगीवर लिहिलंय.”

“आन ही बाई?”

“सौभाग्यवती गडदे. लोणची.”

काकांनी फळीला हात जोडले. “आपली मान्सं हायेत,” ते म्हणाले, “आन आपल्याला पत्ता न्हाई.”

त्या दिवशी ते लोकर विसरून पोटफुगी वाचत बसले. घरी आले ते नाटक लिहायचं ठरवूनच. फळीवर डॉक्टर होता, सुगरण होती, नाटकवाला होता. मेंढरं राखणाराच तेवढा नव्हता, आणि ही भावकीची उणीव त्यांना सलत होती.

दोन हिवाळे मेंढरांमागे फिरत त्यांनी ‘एडक्याचा न्याय’ लिहिलं. एका राज्यात न्यायाधीश मरतो. राजाला दुसरा शोधायचा कंटाळा येतो म्हणून तो एका एडक्याला खुर्चीवर बसवतो. एडका ज्याला ढुशी मारेल तो गुन्हेगार. होता होता कळतं की या न्यायाधीशाचे निकाल आधीच्यापेक्षा बरे आहेत. मग राजा घाबरतो. जत्रेत खेळ करायचा ठरला. माणसांची कामं वाटून झाली आणि एडक्याचं काम माझ्याकडे आलं. तोंड पाहून दिलं, असं काका म्हणाले. खेळाची परवानगी काही आली नाही. पण हाताने लिहिलेलं नाटक काकांनी नव्या फडक्यात बांधलं आणि गुलाबचंदांच्या फळीवर नेऊन ठेवलं. वरच्या पुठ्ठ्यावर एवढंच लिहिलं होतं: गडदे.

“पुरं नाव लिहा की, नामाजी,” गुलाबचंद म्हणाले.

“बाकीच्याईनं लिव्हलं का? पंगतीत बसल्यावर कोनी आपलं नाव सांगत बसतं का, शेठ?”

एकोणचाळीस साली हैदराबादेहून हुकूम आला की गडदे यांची पुस्तकं व नाटकं जप्त करावीत. पुण्याच्या नरहर गडद्यांनी कुठल्याशा नाटकात निजामाच्या पगडीवर विनोद केला होता म्हणे. हुकुमात नुसतं ‘गडदे’ होतं. पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन आले. भला माणूस होता, मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी सगळी फळी उतरवली.

“साहेब, हे लोणच्याचं हाये,” गुलाबचंद म्हणाले.

“अचार का?” अमीनसाहेबांनी हुकूम पुन्हा वाचला. “बाई भी गडदे है ना?”

“व्हय.”

“तो फिर अचार भी गडदे है.”

पोटफुगी गेली, लोणची गेली, नरहरपंत गेले आणि आमचा एडकाही गेला. गाठोड्यावर लाख लागली. हाताने लिहिलेलं कुणाचं, याची विचारपूस झाली आणि काकांना बोलावणं आलं.

वाटेत गुलाबचंदांनी पढवून ठेवलं होतं. “नामाजी, एकच सांगा. म्हना, त्या पुण्यावाल्याला मी वळखत न्हाई, तो माझा कोनी न्हाई. सुटाल.”

“कोनी न्हाई कसं म्हनू?” काका म्हणाले. आमच्यात एका आडनावाची माणसं म्हणजे रक्त. सोयरीक होत नाही, सुतक मात्र लागतं. भाऊ बरा असो, वाईट असो, परक्यासमोर त्याला नाकारलं तर देव दाराशी उभा राहत नाही. मी म्हटलं, “काका, देव दाराशी येईल न येईल, अमीन तर येऊन बसलाय.” त्यांनी मला चापट मारली.

“नरहर गडदे तुम्हारा कौन?” अमीनसाहेबांनी विचारलं.

“भाऊबंद.”

“कभी मिले उससे?”

“न्हाई.”

“मिले नहीं, तो भाऊबंद कैसे?”

“साहेब, तुमी तुमच्या पंजोबाला मिळाले का?”

अमीनसाहेब पंजोबाला मिळाले नव्हते. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि जबानीत लिहून घेतलं: आरोपी नरहर गडद्याचा भाऊबंद आहे. “और ये सब किताबें?”

“आमच्या घरचीच म्हना.”

तेही लिहून घेतलं. काकांनी ऐटीत अंगठ्याऐवजी सही केली आणि वर्षभर आत जाऊन बसले. रुक्माकाकू तुरुंगाच्या दाराशी भाकरी घेऊन गेल्या तेव्हा म्हणाल्या, “पाठच्या भावासाठी कधी काडी हालवली न्हाई. आन पुन्याच्या मान्सापायी काहून जेलात बसून राहिले?”

“पाठचा भाऊ लिहितो का काई?” काका आतून म्हणाले.

पुढची आफत माझ्यावर आली. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं होतं. मांडव घातला होता. वऱ्हाडातली वर्तमानपत्रं आमच्याकडे वाशिमवरून मालाच्या वेष्टनात येत. गुलाबचंदांनी साबणाची वडी सोडवली तर कागदावर नरहर गडदे वारल्याची बातमी. त्यांनी निरोप धाडला. काकांनी ओसरीवर बसून मोठ्याने हंबरडा फोडला आणि अख्ख्या वस्तीला सुतक लागलं. मांडवात हळद तशीच राहिली. मुलीकडचे जाब विचारायला आले.

“कोन गेलं म्हन्ता?” माझा होणारा सासरा विचारत होता.

“पुन्याचे भाऊबंद,” काका म्हणाले.

“काय करीत होते?”

“नाटकं.”

सासऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. दहाव्याला काकांनी डोकं भादरलं, वस्तीतल्या सगळ्या बाप्यांनी भादरलं. मी चकाकत्या डोक्याने बोहल्यावर चढलो ते पुढच्या मुहूर्ताला. सखू अजून म्हणते की अंतरपाट दूर झाल्यावर तिला आधी वाटलं, समोर तांब्या धरलाय.

हे सगळं मी हसत सांगतो, पण काका त्या दिवसांत हसत नव्हते. तुरुंगातून आल्यापासून त्यांना एकच ध्यास होता. नाटक परत मिळावं, एकदा माणसांसमोर व्हावं, आणि हे नामाजीनं लिहिलं असं चार लोकांनी म्हणावं. पुन्हा लिहा, असं मी सांगितलं. म्हणाले, “दुसऱ्यांदा लिव्हलं तर ती नक्कल. मंग मी कारकून झालो.”

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात फौजा आल्या आणि निजामाचं राज्य संपलं. डिसेंबरात गुलाबचंद धावत वस्तीवर आले. असे पळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जप्तीचं गाठोडं फुटलं होतं. पुण्याच्या एका स्मारक समितीने ते ताब्यात घेतलं होतं आणि हिंगोलीला मंडप घालून नाट्यसप्ताह चालू होता. खेळ दुपारी ठेवले होते, कारण रात्री फिरायला अजून बंदी होती. शेवटच्या दोन दिवसांचा खेळ होता ‘एडक्याचा न्याय’.

काकांनी धुवट धोतर नेसलं, पागोटं तीनदा बांधलं. हिंगोलीत मंडपाच्या दारावर स्वयंसेवकाने नाव विचारलं. “गडदे,” काका म्हणाले. स्वयंसेवक चमकला, आत पळाला, आणि आम्हाला पहिल्या रांगेत खुर्च्या मिळाल्या. काका माझ्या कानात म्हणाले, “वळखलं बरं का त्यायनं.”

मग एक प्राध्यापक बोलायला उभे राहिले. म्हणाले, नरहरपंतांचं हे अज्ञात नाटक निजामाच्या कैदेतून आज मुक्त होत आहे. कुण्या अल्पशिक्षित लेखनिकाने केलेल्या नकलेतल्या अशुद्ध भाषेवर आपण संस्कार केले आहेत. एडका म्हणजे दडपलेली जनता. शिवाय याच गाठोड्यात पाककलेवरचं एक पुस्तक सापडलं असून, नरहरपंत स्त्रीच्या नावाने लोणच्यांवरही लिहीत हा त्यांच्या प्रतिभेचा एक अज्ञात पैलू आहे.

टाळ्या पडल्या.

“सोना,” काका म्हणाले, “हे कोनाचं म्हनून राहिले?”

“बघा तर आधी,” मी म्हटलं.

पडदा उघडला. एडका पुण्याच्या मराठीत बोलत होता. ‘महाराज, आपल्या या निर्णयाने मी अत्यंत व्यथित झालो आहे,’ असं म्हणाला. तरी लोक हसले. जिथे हसावं असं काकांनी योजलं होतं तिथेच हसले. काकांचा हात माझ्या मांडीवर होता. प्रत्येक हशाला तो घट्ट होत होता, आणि अंक संपेपर्यंत माझा पाय बधिर झाला होता.

खेळानंतर ते प्राध्यापकांसमोर जाऊन उभे राहिले.

“आपण त्यांचे कोण?” प्राध्यापकांनी अदबीने विचारलं.

“भाऊबंद.”

“वा! कुटुंबीय!” त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून काकांच्या गळ्यात घातला.

“साहेब, नाटक माझं हाये.”

“अहो, तुमचंच आहे. आपल्या सगळ्यांचं आहे.”

“तसं न्हाई. लिव्हलं मी.”

प्राध्यापकांनी हसू आवरलं. मी मध्ये पडलो. मेंढरांमागे दोन हिवाळे, गोरेगावची फळी, जप्ती, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग गाठोड्यासोबत आलेली जबानी मराठी तर्जुम्यासकट काढली. “हे पाहा. यांनी स्वतः सांगितलंय, नरहरपंत आपले भाऊबंद आणि ही पुस्तकं घरची. खाली सही आहे. घरच्या माणसाने घरातल्या थोर माणसाच्या लेखनावर हक्क सांगावा, हे बरं दिसत नाही, बाबा.”

“सांगा की यांना, तो तुमचा कोनी न्हाई,” मी काकांना म्हटलं. “एवढंच सांगायचंय. एका वाक्याचं काम हाये.”

आजूबाजूला माणसं जमली होती. हे वाक्य म्हणायचं नाही म्हणून काकांनी तुरुंग पत्करला होता, याच माणसासाठी डोकं भादरलं होतं. मग गळ्यातला हार काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

“नरहर गडदे माझा कोनी न्हाई,” ते म्हणाले. “मी त्याला कधी पाह्यलं न्हाई. नाटक मी लिव्हलं. मी नामाजी.”

मला वाटलं, जिंकलो.

प्राध्यापकांनी जबानीची घडी घातली. आता त्यांच्या आवाजातली अदब गेली होती. “म्हणजे तुमचा या कुटुंबाशी संबंध नाही?”

“न्हाई.”

“मग तुम्ही कोण?”

“मेंढरं राखतो.”

“अहो, कुटुंबीय म्हणून आम्ही आपलं ऐकून तरी घेत होतो. उद्या रस्त्यावरचा कोणीही येईल आणि नाटक माझं म्हणेल.” आणि ते पुढच्या माणसाशी बोलू लागले.

दुसऱ्या दिवशी परतायचं सोडून काका पुन्हा मंडपाकडे निघाले. मी अडवलं नाही. दारावर कालचाच स्वयंसेवक होता. रात्रीतून त्याला सगळं कळलं होतं.

“पहिली रांग कुटुंबीयांची आहे,” तो म्हणाला. “बाकी आत यायला पास लागतो.”

“मागं उभा राहतो.”

“पास?”

काका वळले. मंडपाच्या कडेला कनातीजवळ टांगेवाले सावलीत बसले होते, तिथे जाऊन बसले. आत खेळ सुरू झाला. कापडामुळे काही दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. आतला एडका म्हणाला, ‘महाराज, मी अत्यंत व्यथित झालो आहे.’

“राजा,” बाहेर काका हळूच म्हणाले, “लई दुखलं बघ मला.”

एका टांगेवाल्याने मान वळवली. आत राजाचं वाक्य यायच्या आधीच काकांनी ते म्हटलं. मग एडक्याचं. मग प्रधानाचं, बाईच्या आवाजात प्रधानाच्या बायकोचं. टांगेवाले जवळ सरकले. एक जण हसला, मग सगळेच हसले, आणि आतल्यांच्या आधी हसले. काका उठून उभे राहिले. ढुशी मारायची जागा आली तशी त्यांनी डोकं खाली घातलं आणि एका घोड्यालाच ढुशी मारली. टांगेवाले पोट धरून लोळत होते.

कनातीची कड उचलून स्वयंसेवक बाहेर आला.

“ओ बाबा,” तो ओठांवर बोट ठेवून म्हणाला, “जरा गप्प बसा. आत नाटक चालू आहे.”

काकांनी पागोटं सारखं केलं आणि गप्प बसले.