पुलावरचे भाऊजी

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी ना कधी मारलं असेल. त्याचा मला राग नाही. माझा जन्मच मार खाण्यासाठी झाला आहे. मी एका साहसी गेममधला जुना चिलखती राक्षस आहे. त्या गेमचे जितके भाग निघाले, त्या प्रत्येकात मी आहे. कधी पुलावर, कधी गुहेच्या तोंडाशी, कधी किल्ल्याच्या दारात. अंगावर लोखंडी चिलखत, हातात माझ्याएवढी ढाल आणि तोंडावर वर-खाली होणारी झडप. झडपेच्या आत एक मोठं मऊ नाक आहे. तेवढीच माझी उघडी जागा.

मी एका ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर जन्मलो. चित्रकाराने मला कागदावर काढलं तेव्हा शेजारची मुलगी वाकून म्हणाली, "हा राक्षस आहे की पाण्याची टाकी?"

"टाकीच आहे. पण रागावलेली," तो म्हणाला.

मला चालायला शिकवायचं काम त्या मुलीकडे होतं. तिने विचारलं, "अक्कल किती द्यायची याला?"

"फार नको. घरी जायचंय आपल्याला."

त्यामुळे मला थोडेच नियम मिळाले. कुणी जवळ आला की ढाल पुढे करायची. कुणी पळाला की धावून जाऊन त्याला नदीत ढकलायचं. आणि कुणी समोर नुसता उभा राहिला, तर हा काय करतोय ते झडप वर करून बघायचं. बघायला गेलो की माझ्या नाकावर तलवार बसते. मग मी मरतो. मग परत उभा राहतो. एवढ्याच अकलेवर आजवर माझं चाललं आहे, म्हणून पुढची गोष्ट मला नीट कळलेली नाही. आम्हाला पडद्याच्या आतून समोरची खोली दिसते. जे दिसलं, ते सांगतो.

सुरुवातीला माझा फार रुबाब होता. मुलं मला बघून किंचाळायची. शर्टांवर माझं चित्र असायचं. पुढच्या भागांत माझं चिलखत चकचकीत झालं, पण आग ओकणारे, उडणारे नवे राक्षसही आले. मग मुलं म्हणायला लागली, "हा होय! हा तर सुरुवातीचा." आणि मला बाजूने चुकवून पुढे पळायला लागली. शेवटी आमचं गेमचं यंत्रच एका घरातून दुसऱ्या घरात गेलं. एका मुलीने लग्न झाल्यावर ते आईवडिलांकडे ठेवलं.

वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. आई कपडे शिवायची. दोघांची कामं आता थांबली होती. सोफा मधोमध खचलेला होता, त्यामुळे दोघं आपोआप एकमेकांकडे घसरायची. कंट्रोलर एकच होता आणि खेळायचं दोघांना होतं. म्हणून त्यांनी तो अर्धा-अर्धा धरला. डावी बाजू त्यांच्याकडे, उजवी तिच्याकडे. म्हणजे गेममधल्या त्यांच्या योद्ध्याचे पाय त्यांचे आणि तलवार तिची. असा योद्धा मी जन्मात पाहिला नव्हता. पळता पळता हवेत तलवार फिरवायचा. माझ्यासमोर येऊन पाठ करून उभा राहायचा.

"अहो, थांबा म्हटलं ना! थांबल्याशिवाय ते तोंड उघडत नाहीत."

"थांबलोय की. तू दाब आधी."

"दाबलं. तुम्हीच हललात."

मला तिने 'भाऊजी' असं नाव ठेवलं होतं. तिचा धाकटा दीर म्हणे असाच दारात उभा राहायचा, ना आत यायचा ना घरी जायचा.

"माझ्या भावाला नावं ठेवू नकोस," ते म्हणायचे.

"नावं कुठे ठेवली? नाक बघा ना, सेम आहे."

मग दोघं इतकी हसायची की योद्धा आपोआप नदीत पडायचा. नदीत पडलं की गेम पुन्हा तिथूनच सुरू होतो, जिथे शेवटचं सेव्ह केलेलं असतं. पूल पार केला, तर गेम स्वतःच पलीकडे नवं सेव्ह करतो आणि मागचं पुसून टाकतो. हे लक्षात ठेवा मित्रांनो, कारण पुढचा सगळा घोळ इथेच आहे.

पुढे पुढे तिचा हात लवकर दमायला लागला. कंट्रोलर तिच्या बाजूने खाली यायचा. एका दुपारी तिने पुलाच्या अलीकडे सेव्ह केलं आणि म्हणाली, "आज पुरे. भाऊजींना उद्या बघू. पलीकडे काय आहे ते मला बघायचंय हं. मला सोडून पुढे जाऊ नका."

"तुझ्याशिवाय कसा जाणार? माझ्याकडे नुसते पाय आहेत."

त्यानंतर पडदा बरेच दिवस काळा होता. पुन्हा उजळला तेव्हा सोफ्यावर ते एकटेच होते, तरी त्याच बाजूला घसरून बसलेले.

मला वाटलं, ती परत येईल. आमच्यात मेलेला परत येतो. मीच किती वेळा आलो आहे. ती कुठल्या सेव्हपासून सुरू होणार, याची मी वाट बघत होतो. पण ती आली नाही आणि त्यांनी एकट्यानेच खेळायला सुरुवात केली. योद्धा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी नियमाप्रमाणे झडप वर केली. नाक पुढे केलं. तलवार आलीच नाही. मी झडप खाली केली. पुन्हा वर केली. तलवार नाही. मग तो योद्धा वळला, पळाला, मी धावलो आणि तो नदीत पडला. गेम पुन्हा पुलाच्या अलीकडे आला, तिने सेव्ह केलं होतं तिथे.

दुसऱ्या दिवशीही हेच. तिसऱ्या दिवशीही. मित्रांनो, मी आयुष्यात इतका कधी जिंकलो नव्हतो. जिंकल्यावर काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलंच नाही. मी आपला ढाल घेऊन उभा. माझं काही चुकतंय का, तेही कळेना.

एकदा मुलगी आली होती. बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "बाबा, याला तर लहान पोरंही मारतात. द्या इकडे."

"नको."

"अहो, तो नाक काढून उभाय समोर! मारा की."

त्यांनी योद्ध्याला वळवून पळवलं. योद्धा नदीत पडला. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही मुद्दाम हरताय?"

"जिंकलो तर तिचं सेव्ह जाईल," ते म्हणाले. "तिने ठेवलंय तिथे उभं. ते पुसून मी पुढे कुठे जाऊ?"

मुलगी म्हणाली, "अहो, पण तीन जागा आहेत सेव्हच्या. एकीत आईचं ठेवता येतं ना, तसंच."

"बाकीच्या दोन जागा रिकाम्या नाहीत. एक तुझी आहे, एक जावयाची. तुम्ही राहायला आलात की खेळाल, म्हणून तुझ्या आईने ठेवल्यात. मला हात लावू द्यायची नाही."

"मला कधी बोलली नाही ती."

"तू राहायला कधी आलीस?"

हे ते रागाने म्हणाले नाहीत. मुलगी नाक पुसत उठली, पडद्याजवळ आली आणि म्हणाली, "मग माझ्या जागेत आईला ठेवा. मला चालेल."

तिने काहीतरी दाबलं आणि आईचं सेव्ह तिच्या जागेतही उतरलं. तेव्हापासून तिथेही एक मी आहे आणि इथेही एक मी. त्यातला बोलणारा कोणता, हे मला सांगता येत नाही.

मग ती वडिलांशेजारी बसली आणि सोफ्याने तिलाही मध्ये ढकललं. तिने कंट्रोलरची उजवी बाजू धरली. योद्धा माझ्यासमोर आला. तिने घाईने तलवार चालवली, ती ढालीवर आपटली.

"थांब गं. तोंड उघडू दे त्यांना."

"त्यांना? कोण त्यांना?"

"भाऊजींना."

"काका?" ती एकदम हसली. "अहो बाबा, नाक तर सेम आहे!"

मी झडप वर केली आणि या वेळी तलवार बसली. मी पडलो. गेमने पलीकडे नवं सेव्ह केलं. योद्धा धुक्यातून पुढे गेला. पुढे आणखी एक पूल होता आणि त्या पुलावर मीच उभा होतो.

वडील पडद्याकडे बघत राहिले. मग शेजारी बसलेल्या लेकीला नाही, कुणालातरी मोठ्याने म्हणाले, "अगं, पलीकडेपण भाऊजीच आहेत!" आणि ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी हसतच होते. योद्धा तसाच उभा होता. समोरचा उभा राहिला की बघायचं, असा नियम आहे, म्हणून मी झडप वर करून बघत राहिलो. मला काही कळलं नाही. पण कुणी मला मारायची घाई केली नाही.

मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणी एकाच जागी रोज हरत असेल, तर त्याच्या हातातून कंट्रोलर काढून घेऊ नका. आधी शेजारी बसा आणि विचारा. मला मात्र खुशाल मारा, तेच माझं काम आहे. आणि जमलं तर पडद्यावरची धूळ पुसत जा. सोफ्यावर कोण कोण बसलं आहे, ते आम्हाला आतून दिसायला हवं.